ओल कुठवर?

आठ वर्षांपूर्वी भर सभेत, सत्तर-ऐंशी माणसांच्या देखत, मी एका म्हाताऱ्या माणसाला आंधळं ठरवलं. त्यांची नजर गेलेली होती हे खरं. पण ज्या आकड्यांवर काट मारण्यासाठी मी ते सांगितलं, ते आकडे त्यांनी वाचलेलेच नव्हते. मी वाचले होते. माझ्या स्वतःच्या, तेव्हा चष्माही न लागलेल्या डोळ्यांनी.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ज्या एका मित्राजवळ सगळं बोलतो त्यालाही नाही. काकांच्या शोकसभेत मी दहा मिनिटं बोललो, लोकांना हसवलं, दोघीतिघींच्या डोळ्यांना पदर लावायला लावला, आणि एवढी एक गोष्ट सोडून सगळं सांगितलं. जे सांगितलं ते खोटं नव्हतं. म्हणून आधी तेच सांगतो.

काका माझे नात्यातले कुणी नव्हेत. ॲरिझोनात, फिनिक्सपासून तासाभरावर, वाळवंटात भराभर वाढत चाललेल्या एका गावाचं पाण्याचं काम आमच्या लहानशा कंपनीकडे होतं. कंपनीत मराठी आम्ही दोघंच. मी ऑफिसात बसणारा इंजिनिअर, छत्तीस वर्षांचा, कंपनीने स्पॉन्सर केलेलं ग्रीन कार्ड कधी येतंय याची वाट बघणारा. ते साठी उलटलेले, विहिरी मोजणारे. आपण ज्याला बोअर म्हणतो त्या खोल विहिरी. गावाच्या नऊ होत्या. दर महिन्याला प्रत्येकीत पाणी किती खाली गेलंय ते बघायचं आणि वहीत लिहायचं, एवढंच त्यांचं काम. वीस वर्षं तेच.

विहिरींना नंबर होते. काका नंबर वापरत नसत. तीन नंबरची थोरली, पाच नंबरची मधली. सातचं पाणी खारट, म्हणून ती आत्याबाई. "आत्याबाईंचा पंप काल तासभर रुसला होता," असं ते गंभीर चेहऱ्याने सांगत आणि अमेरिकन साहेबाला मी काय भाषांतर करावं ते मला कळत नसे. कुणाच्या घरी गेले की समोर आलेलं पाणी तोंडात घोळवून ते विहीर ओळखत. इथल्या मराठी मंडळातल्या पोरांनी एकदा त्यांची परीक्षा घेतली. चार पेले मांडले. तीन त्यांनी अचूक ओळखले. चौथा तोंडाला लावला आणि परत ठेवला.

"हे दुकानातलं बाटलीचं. याची आई कोण ते मला काय विचारता?"

कपडे वर्षभर तेच. पांढरा हाफ शर्ट, खाकी पँट, डोक्यावर लोकरीची कानटोपी. एकशे दहा डिग्री फॅरनहाइटमध्ये लोकर! विचारलं तर म्हणत, "घाम टोपीत राहतो, डोकं गार राहतं. तुमचा एअर कंडिशनर काय निराळं करतो?" उजव्या हाताची बोटं कायम निळी, शर्टाचा खिसाही निळा. ते निळं कशाचं ते पुढे सांगतो.

मंडळाचा गणपती एका शाळेच्या हॉलमध्ये बसे. जेवणं झाली की काका स्वयंपाकघराचा ताबा घेत. सिंकचा नळ कुणाला सोडू देत नसत. दोन टब मांडत, एकात साबणाचं पाणी, एकात साधं, आणि दोनशे माणसांची भांडी त्या दोन टबांत काढत. दुसऱ्या टबातलं पाणी बाहेरच्या झाडाला. बायका वैतागत. एकदा एक काकू म्हणाल्या, "अहो काका, ही अमेरिका आहे. इथे पाणी नळातून येतं."

"नळातून येत नाही, काकू. नळापर्यंत येतं. त्याच्या मागे किती चालून आलंय ते विचारा."

"बरं, विचारते हं त्याला," काकू म्हणाल्या आणि सगळ्या हसल्या. काकाही हसले. भांडी मात्र टबातच निघाली.

स्वतःच्या घरापुढचं गवत त्यांनी पहिल्याच वर्षी उपटून टाकलं होतं. त्याजागी नुसती माती, खडी आणि एक काटेरी झुडूप. शेजाऱ्यांनी तक्रार केली, नोटीस आली, त्यांनी ती फ्रेम करून भिंतीवर लावली. दुपारी बाराला कुणाचं स्प्रिंकलर सुरू दिसलं की ते गाडी थांबवत, घड्याळ लावून उभे राहत आणि मग त्या घराच्या दारात चिठ्ठी सरकवत: 'तुम्ही आज रस्त्याला अठरा मिनिटं पाणी घातलंत. रस्ता उगवला की कळवा.' दोनदा पोलीस आले होते. एका पोलिसाला त्यांनी बसवून चहा पाजला आणि आधी विचारलं, "पूर्ण कप पिणार की अर्धा?" त्यांच्या घरी हे सगळ्यांनाच विचारलं जाई. अर्धा म्हटलं की खरंच अर्धाच मिळे.

त्यांचे वडील आटपाडीकडे पाणाडे होते. तळहातावर नारळ धरून रानातून हिंडायचं, नारळ उभा राहील तिथे पाणी आहे म्हणून सांगायचं. "कधी लागायचं, कधी नाही," काका सांगत. "नाही लागलं की आम्ही गाव बदलायचो. चौथीपर्यंत माझ्या पाच शाळा झाल्या. तेव्हा ठरवलं, पाण्याबद्दल मोजल्याशिवाय तोंड उघडायचं नाही." शिष्यवृत्तीवर इथे शिकायला आले, पुढे मोठे होऊ शकले असते, पण विहिरीशेजारी उभं राहून मोजण्यातच त्यांचा जीव. लग्न केलं नाही. विचारलं तर, "नऊ आहेत की," म्हणत.

इथपर्यंतचं सगळं मी शोकसभेत सांगितलं होतं.

आता ते निळं. विहीर मोजायची रीत जुनी आहे. पोलादी टेप असते, चारपाचशे फुटांची, चाकावर गुंडाळलेली. तिच्या टोकाच्या वीस फुटांना सुतारी निळा खडू घासायचा. टेप आत सोडायची, काठाशी एक पुरा आकडा धरायचा, मग वर ओढायची. खडू जिथवर भिजून काळपट झाला तिथवर टेप पाण्यात होती. काठाच्या आकड्यातून तो आकडा वजा केला की पाणी किती खोल ते कळतं. यात कसब एकच. टेप वर आल्यावर त्या उन्हात ओल उडायच्या आत रेघ वाचावी लागते. पाव इंचाची रेघ, निळ्यावर काळपट निळी.

मला नोकरी लागून वर्षच झालं होतं. एका शुक्रवारी काका माझ्या टेबलापाशी आले, दार लोटलं आणि मराठीत हळूच म्हणाले, "उद्या शनिवार. मोकळा आहेस?"

"का हो?"

"माझ्याबरोबर चल. बायकोला सांग, काका वाळवंट दाखवतायत."

थोरलीपाशी पोचल्यावर त्यांनी खडू घासला, टेप सोडली, ओढली, आणि माझ्यापुढे धरली. "ओल कुठवर?"

मी वाचलं. त्यांनी वहीत लिहिलं. इतक्या मोठ्या अक्षरात, की एका पानावर तीन ओळी मावल्या. तेव्हा माझ्या लक्षात आलं.

"काका, तुम्हाला दिसत नाही?"

"बाजूचं दिसतं. मधलं जातंय. डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे म्हणतो डॉक्टर. गेलेलं परत येत नाही, राहिलेलं राखायचं." मग वही मिटून म्हणाले, "हे तुझ्यामाझ्यात. साहेबाला कळलं तर उद्या घरी बसवतील. घरी बसून मी काय करू? मला मोजणं सोडून काही येत नाही रे."

मी शब्द दिला. त्यानंतर दीड वर्ष, महिन्यातून दोन शनिवार, मी त्यांच्या ट्रकमधून हिंडलो. ट्रक मीच चालवायचो. ते टेप सोडायचे, ओढायचे, आणि दर वेळी तेच विचारायचे: ओल कुठवर? मी आकडा सांगायचो, ते लिहायचे आणि खाली स्वतःची सही करायचे. एकदा मी म्हटलं, माझीही करतो. "वेडा आहेस का? तू शनिवारी इथे असतोस हे ऑफिसला कळलं की पहिला प्रश्न, का? तुझं नाव कुठे यायला नको." म्हणजे ती काळजी त्यांनी माझी घेतली होती. त्या वहीत माझं नाव नसणं मला पुढे किती कामाला आलं!

दुपारी ट्रकच्या सावलीत बसून आम्ही जेवायचो. ते दशम्या आणायचे, दगडासारख्या. ओल दर महिन्याला कमी होत होती. टेप तेवढीच सोडायची आणि भिजलेला भाग आखूड यायचा. मधल्या विहिरीत तर एकदा टेप कोरडीच वर आली, आणखी सोडावी लागली. काकांनी टोपी काढून परत घातली आणि म्हणाले, "परत मोज." आम्ही तीनदा मोजलं. आकडा तोच.

गावाच्या हद्दीबाहेर, त्या विहिरींच्या पलीकडे, दहाबारा घरांची एक वस्ती होती. गावाचं पाणी त्यांना नव्हतं. ज्याची त्याची उथळ विहीर. तिथे एक बाई राहायची, सत्तरीची, नवरा गेलेला, दोन घोडे पाळलेले. काका तिची विहीर फुकट मोजून देत. ती कुंपणावर कोपर टेकून बघत राहायची आणि काकांच्या टोपीची थट्टा करायची. "आज बर्फ पडणार वाटतं!" तिच्याही विहिरीचे आकडे मीच वाचत होतो, पण मराठीत, आणि वही काकांच्या हातात, त्यामुळे ते तिला कळत नसे. गावाच्या विहिरींचं पाणी जसं खाली, तसं तिच्याही.

याच सुमारास एक बिल्डर आला. त्याला त्या वस्तीच्या अलीकडे हजारभर घरं बांधायची होती आणि मध्ये एक तळं. वाळवंटात, होड्यांसकट. नकाशावर बदकंसुद्धा काढलेली होती. कायदा नुकताच झाला होता, की या भागात नवी वसाहत करायची तर शंभर वर्षं पुरेल इतकं पाणी आहे हे आधी दाखवायला हवं. ते दाखवणारा रिपोर्ट आमच्या कंपनीला करायचा होता. तो माझ्या टेबलावर आला.

मी काकांच्या वहीतले आकडे कागदावर मांडले. जुने धरले तर शंभर वर्षं कशीबशी निघत होती. शेवटच्या दीड वर्षाचे, म्हणजे माझे, धरले तर निम्मीही निघत नव्हती.

साहेब वाईट माणूस नव्हता. आवाज न चढवणारा, माझ्या बायकोच्या डिलिव्हरीला दवाखान्यात फुलं घेऊन आलेला. त्याने कागद पाहिला, बराच वेळ पाहिला. मग म्हणाला, "हे शेवटचे आकडे. धरू नयेत असं काही कारण आहे का?"

मी टेबलावरचा कागद सरळ केला.

"असलं तर सांग, नसलं तर नाही," तो म्हणाला. "आणि हो, तुझी ग्रीन कार्डची फाईल पुढच्या महिन्यात वकिलाकडे जातेय. पत्रावर मी सही केली की झालं."

त्याने धमकी दिली असं मी कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. दिली नव्हती. दोन गोष्टी त्याने एकापाठोपाठ एक सांगितल्या, एवढंच. जोडल्या मी.

पंप चालू असताना मोजलं गेलं, म्हणून आकडे खोल आले, असं म्हणता आलं असतं. पण पंप कधी बंद, कधी चालू याची नोंद गावाच्या रजिस्टरात होती. डोळ्यांची नोंद कुठेच नव्हती. ती फक्त मला माहीत होती.

"त्यांना नीट दिसत नाही," मी म्हणालो.

साहेबाने खुर्चीत पाठ टेकली. माणसाला सुटल्यासारखं वाटलं की खांदे कसे पडतात ते मी पाहिलं. माझेही तसेच पडले असणार. "कधीपासून?"

"दीडएक वर्ष."

"अरेरे. बिचारा," तो म्हणाला. मनापासून म्हणाला. "गावाच्या बोर्डापुढे जाहीर सभा आहे, तिथे तूच सांग. तुझ्या तोंडून त्याला कमी लागेल."

रिपोर्ट छापून झाला. काकांना तो वाचता येत नव्हता. "तू वाचून दाखव," ते म्हणाले. मी हो म्हटलं, मग कामाचं निमित्त केलं, मग दुसरं केलं. सभेचा दिवस आला तरी दाखवला नाही.

सभेला आम्ही त्यांच्याच ट्रकमधून गेलो, मी चालवत. त्यांनी शर्ट इस्त्री केला होता. वही धुतलेल्या पंच्यात गुंडाळून मांडीवर. कानटोपी घरी ठेवली होती, त्यामुळे ओळखीचे वाटत नव्हते. वाटेत मलाच धीर देत होते. "घाबरू नकोस. बिल्डरचे लोक वाकड्यात शिरतील. तू आकडा सांगायचा आणि गप्प बसायचं. आकड्याला आवाज चढवावा लागत नाही."

"काका..."

"काय?"

"काही नाही. सिग्नल आला."

हॉल भरलेला. पुढे गावाचा कारभार बघणारं बोर्ड, एका बाजूला बिल्डरची माणसं, मागे लोक. वस्तीतले सगळे आले होते, घोडेवाली बाई दुसऱ्या रांगेत. काका माझ्या शेजारच्या खुर्चीत. माझं नाव पुकारलं. मी उभा राहून निष्कर्ष वाचला: शंभर वर्षांचं पाणी आहे. काकांची मान माझ्याकडे वळली, ते मला कडेने दिसलं. बोर्डातल्या एकाने विचारलं, "पान बारावर लिहिलंय, गेल्या दीड वर्षाच्या नोंदी वगळल्या. का?"

मी घोटून ठेवलेलं वाक्य बोललो. नोंदी घेणाऱ्या व्यक्तीची दृष्टी त्या काळात फार अधू झालेली होती. त्या नोंदी विश्वासार्ह धरता येत नाहीत.

ती व्यक्ती कोण ते सगळ्यांनाच ठाऊक होतं. सगळ्यांनी बघितलं. एकाने मागे हळहळून "ओह" केलं. वगळलेल्या नोंदींत काय होतं, हे कुणी विचारलं नाही.

मग घोडेवाली बाई उठली. "माझा पंप हल्ली खोकतो," ती म्हणाली. थोडं हसू झालं. "हसा. पण मला एवढंच सांगा, आमच्या विहिरींना धोका नाही ना?" तिने बोर्डाला नाही, मला विचारलं. शनिवारी कुंपणापाशी येणारा मुलगा म्हणून मला ओळखत होती.

"नाही, मॅडम," मी म्हटलं.

काका उठले नाहीत. वही मांडीवर तशीच, पंच्यात. बोर्डाच्या अध्यक्षांनी विचारलंसुद्धा, "सर, तुम्हाला काही म्हणायचंय?" त्यांनी एकच वाक्य बोलणं पुरे होतं: आकडे मी वाचलेच नाहीत, याने वाचले. ते बोलले असते तर माझी नोकरी, कार्ड, सगळं त्या हॉलमध्येच संपलं असतं. त्यांनी मान हलवली. नाही.

परतीची वीस मिनिटं मी कधी विसरणार नाही. अर्धी वाट सरली. मग काका म्हणाले, "काच खाली कर." मी केली. गरम वारा आत आला.

"तुझ्या कागदांचं झालं का?"

"गुरुवारी जातायत."

"मग ठीक."

मला वाटलं, त्यांनी शिवी द्यावी, थोबाडीत द्यावी. त्यांनी काही केलं नाही. घराशी उतरताना दार धरून उभे राहिले आणि म्हणाले, "डोळ्यांचं मी फक्त तुला सांगितलं होतं रे." रागाने नव्हे, हिशेब जुळत नाही म्हणून परत बघणाऱ्या माणसासारखं. मग हाताने चाचपत फाटक उघडून आत गेले.

पुढच्या सोमवारी त्यांना कामावरून कमी केलं. केक कापला, घड्याळ दिलं. घड्याळ त्यांना वाचता येत नव्हतं. माझं कार्ड चार महिन्यांत आलं. बायकोने त्या दिवशी श्रीखंड केलं आणि म्हणाली, "अहो, काकांना बोलवा ना. किती दिवसांत आले नाहीत." मी म्हटलं, बोलावलं होतं, नाही म्हणाले. बोलावलं नव्हतं.

ते घरी बसले नाहीत. हे मला उशिरा कळलं. जुनी टेप त्यांनी कंपनीकडून मागून घेतली होती आणि कानशीने फुटाफुटाला खाचा पाडल्या होत्या. नखाने खाचा मोजायच्या, आणि ओल बोटाने चाचपायची. गाडी चालवता येत नव्हती, म्हणून कालव्याच्या कडेने चार मैल चालत वस्तीवर जायचे. घरोघरी सांगायचे, पाणी उतरतंय, पंप आणखी खाली सोडा, नाहीतर विहीर खोल करून घ्या. लोक त्यांना सावलीत बसवत, लिंबाचं सरबत देत, आणि काही करत नसत. का करतील? हा माणूस आंधळा आहे हे त्यांनी जाहीर सभेत, इंजिनिअरच्या तोंडून ऐकलं होतं.

दुसऱ्या जूनमध्ये ते त्या कालव्याच्या रस्त्यावर पडले. उष्माघात. दवाखान्यात दोन दिवस होते, शुद्धीवर आले नाहीत. नर्सने मला त्यांचा थर्मास दिला. निम्म्याहून जास्त भरलेला होता. परतीसाठी राखून ठेवला असणार. नर्सला ते समजेना. "पाणी जवळ होतं, मग प्यायले का नाहीत?" ती मला पुन्हा पुन्हा विचारत होती.

मग ती शोकसभा. थोरली, आत्याबाई, दोन टब, रस्ता उगवला की कळवा. लोक म्हणाले, किती छान बोललास.

दोन वर्षांनी मी कॅलिफोर्नियात, सांता क्लाराला नोकरी धरली. निघण्याआधी एका सकाळी, का कुणास ठाऊक, वस्तीवर गेलो. तोवर तळं भरलं होतं. बदकंही होती, नकाशात होती तशी. पलीकडे वस्तीत पाच घरं रिकामी. घोडेवाली बाई अंगणात एका प्लॅस्टिकच्या टाकीपाशी उभी होती. आठवड्यातून दोनदा ट्रकने पाणी आणून टाकत होते. विहीर आटून वर्ष झालं होतं. घोडे नव्हते. मी विचारायच्या आत तीच म्हणाली, "विकले. घोडा दिवसाला किती पितो माहितीये ना?"

मला तिने सावलीत बसवलं. माझा राग नव्हताच तिला. मी तेव्हा होतं तेच सांगितलं, अशी तिची समजूत. राग तिला स्वतःचा होता.

"तो सांगत होता," ती म्हणाली. "दर आठवड्याला यायचा. खोल कर, खोल कर. मी म्हणायची, हो हो, आणि सरबत द्यायची. त्या वेळी पैसे होते माझ्याकडे, ड्रिलवाला यायला तयार होता. पण आंधळ्या माणसाच्या शब्दावर कोण विहीर खणतं?"

मी निघायला उठलो.

"मला एक कळत नाही," ती म्हणाली, आणि कपाळावर हात धरून माझ्याकडे नीट बघू लागली. "तू त्याच्याबरोबर असायचास, म्हणून विचारते. दिसत नव्हतं, तर त्याला कळलं कसं?"

तिला खरोखर उत्तर हवं होतं. वाट बघत होती. अंगणात तिसरं कुणी नव्हतं. कार्ड माझ्या खिशात होतं, नोकरी दुसरीकडे लागलेली होती, माझं वाकडं करू शकेल असं जगात कुणी उरलेलं नव्हतं. त्या दिवशी मला भीतीचं निमित्तसुद्धा नव्हतं.

"माहीत नाही," मी म्हणालो.

सभेतल्या खोट्यासाठी मी स्वतःला अर्धवट माफ करत आलोय: कुटुंब होतं, परका देश होता, तरुण होतो. या दोन शब्दांसाठी काही सापडत नाही.

ती बाई अजून तिथेच आहे. गेल्या नाताळात तिचं कार्ड आलं, अक्षर थरथरलेलं. मी आता चव्वेचाळीस वर्षांचा आहे, या भागात माझ्या सहीला मान आहे, आणि पाण्याच्या रिपोर्टांवर ती सही रोज होते.

तिच्या प्रश्नाचं उत्तर मला द्यायचं आहे. तिच्या अंगणात जाऊन, आणि मग लेखी, माझ्या सहीने, त्या बोर्डाला. आकडे बरोबर होते. ते मी वाचले होते. खोटं मी बोललो होतो. आज हे इथे लिहिलं. तिला अजून सांगितलेलं नाही.